टोपली रिकामी परत जात नसते

काकूंना आठ दिवस एका जागी बसवून ठेवायचं, एवढंच काम मीटरकाकांना सांगितलं होतं. ऐकायला सोपं वाटतं. ज्यांनी काकूंना पाहिलेलं नाही त्यांना तर फारच सोपं वाटेल.

काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य लोकांच्या जिन्याखाली आणि कुंड्यांच्या आड वाकून पाण्याची मीटरं वाचण्यात गेलं, म्हणून इमारतीत सगळे त्यांना मीटरकाका म्हणत आणि त्यांच्या बायकोला नुसतं काकू. काकूंनी सासूबाईंचं अंथरुणातलं दुखणं कित्येक वर्षं काढलं. सासूबाई गेल्या, पण काकूंच्या अंगात भिनलेली ती धावपळ काही गेली नाही. दुपारी जरा डोळा लागला की दचकून उठायच्या, कुणी हाक मारली का ते बघायच्या, आणि कुणीच मारलेली नाही असं दिसलं की उगीच घासलेली भांडी पुन्हा घासायच्या. चेहरा पार ओढला होता. डॉक्टर म्हणाले, "औषध नाही, विश्रांती घ्या." काकूंनी विचारलं, "ती जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

लेकीनं हे ऐकलं आणि कुणालाही न विचारता बोटीच्या सहलीची तिकिटं काढली. मोठी बोट, दहा-बारा मजल्यांची. समुद्रात फिरवून परत आणून सोडणार.

"बाबा, तिथं स्वयंपाक नाही, झाडू नाही, दारावरची बेल नाही. आणि पळेल कुठं? चहूकडे पाणी. तुम्ही फक्त तिला बसवून ठेवा."

"पाणी म्हणजे माझंच खातं," काका म्हणाले.

लेक हसली नाही. "बाबा, मी खरंच सांगतेय. आई अशीच राहिली तर अंथरूण धरेल."

मग काकाही हसले नाहीत.

आता बोटीवर जायचं ठरलं की माणूस निम्मा बुडतो तो शेजाऱ्यांच्या सल्ल्यात. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, "भडक रंगाचे कपडे घाला. पडलात तर लांबून दिसाल." समोरच्या निवृत्त मास्तरांनी सांगितलं की बोट उजवीकडे कलली की आपण डावीकडे झुकायचं, म्हणजे पोटातलं पोटात राहतं. काका दोन दिवस गच्चीवर झुकण्याचा सराव करत होते, तर टाकी धुवायला आलेल्या माणसानं त्यांना धरून सावलीत बसवलं आणि तोंडावर पाणी मारलं. पण सगळ्यांत मोठे सल्लागार म्हणजे वरच्या मजल्यावरचे विमावाले. ते गेल्या वर्षी बोटीवर जाऊन आले होते आणि कॅप्टनच्या शेजारी बसून जेवतानाचा त्यांचा फोटो दारासमोरच टांगलेला होता. दूध टाकणाऱ्यालाही तो बघितल्याशिवाय दूध टाकता येत नसे.

"कॅप्टन सगळ्यांना टेबलावर बोलवत नाही बरं का काका," विमावाले म्हणाले. "तिथं माणूस पारखून घेतात."

"मग तुम्हाला कसं बोलावलं?" काकूंनी विचारलं. काकूंच्या मनात काही नव्हतं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

विमावाल्यांनी विषय बदलला. पण काकांच्या मनात तो रुतून बसला. तीस-पस्तीस वर्षं लोकांनी दार उघडून, आतून कुणी "कोण आहे?" विचारलं की "कुणी नाही, मीटरवाला" असंच म्हटलेलं. एकदा तरी कुणीतरी पारखून घ्यावं, असं वाटण्यात काय चूक आहे? त्यांनी ट्रंकेतला कोट काढून उन्हात टाकला.

बंदरावर पहिला अडथळा आला तो काकूंच्या डब्यांचा. घरी भाजलेली बिस्किटं, खारे दाणे, आणखी काय काय, असे डबेच डबे निघाले.

"आजी, बोटीवर सकाळ-संध्याकाळ खाणंच खाणं आहे. हे कशाला?" तपासणीवाला म्हणाला.

"ते त्यांचं झालं. आपल्याकडं काही नको का?"

तपासणीवाल्यानं नियमाचं पुस्तक काढलं. त्यात ओलं खाणं चालत नाही असं होतं, दुकानातलं बंद पुड्याचं चालतं असं होतं. घरी भाजलेल्या बिस्किटाबद्दल पुस्तक गप्प होतं. तेव्हा तो साहेबाकडं गेला. साहेबानं नमुना मागितला. नमुना खाऊन साहेब म्हणाला की हे माझ्या अधिकारात येत नाही, आणि आणखी चार नमुने घेऊन मोठ्या साहेबाकडं गेला. मोठ्या साहेबांनी सखोल तपासणी केली. तपासणी संपली तेव्हा एक डबाही संपला होता, आणि उरलेले न्यायला परवानगी मिळाली.

खोली म्हणजे कपाटाला खिडकी बसवल्यासारखी होती. पण स्वच्छ अशी की काकूंचा चेहराच उतरला. काही करायलाच नाही! त्यांनी बोटानं खिडकीच्या कडेची धूळ बघितली. नव्हती. पलंगाखाली वाकून बघितलं. नव्हती. तेवढ्यात काका संडासात गेले, कळ दाबली, आणि बोटीनं घसा खाकरून थुंकल्यासारखा जो काही आवाज झाला, त्यासरशी ते आत गेले होते त्याच्या दुप्पट वेगानं बाहेर आले. भीती ओसरल्यावर कुतूहल जागं झालं. एवढं पाणी वापरलं जातंय, तर मीटर कुठं आहे? त्यांनी खिशातला जुना स्क्रूड्रायव्हर काढला आणि खोलीबाहेरच्या बोळातली एक पत्र्याची झडप उघडून आत डोकं घातलं.

"साहेब, काही हरवलंय का?" मागून आवाज आला. खोल्यांची देखभाल करणारा माणूस उभा होता. वयानं पोक्त, झुपकेदार मिशा, अंगावर कडक इस्त्रीचा गणवेश.

"मीटर कुठं असतं?"

"बोटीला मीटर नसतं, साहेब."

एवढ्या मोठ्या संस्थेला मीटर नाही, हे पचवायला काकांना दोन दिवस लागले. बोट लागली नाही, पण हे लागलं.

शेजारच्या खोलीत एक गृहस्थ होते. टोपीवर नांगराचं चित्र, गळ्यात कॅमेरा. "माझी ही कितवी खेप ते मीसुद्धा मोजायचं सोडून दिलंय," असं त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं, दुसऱ्या भेटीतही सांगितलं. काका-काकू आपसांत त्यांना अनुभवी म्हणू लागले. संकट आलं तर काय करायचं याची कवायत झाली, तेव्हा काकांनी तरंगण्याचं जाकीट उलटं घातलं, ते अनुभवींनीच दाखवल्याप्रमाणे. कारण अनुभवींनी स्वतःही उलटंच घातलं होतं. काकू मात्र कवायत संपल्यावर दिसेनात. शोधलं तर पाठीमागं सगळ्या लोकांनी टाकलेल्या जाकिटांच्या घड्या घालत बसलेल्या. नाड्या सारख्या करून, रंगाप्रमाणे लावून. त्यांच्यामागं पुढच्या तुकडीची रांग खोळंबली होती, आणि त्यातले चौघेजण त्यांना बोटीवरच्या कामाची बाई समजून चहा कुठं मिळतो विचारून गेले. काकूंनी चौकशी करून त्यांना सांगितलंही.

"अगं, तू बसायला आली आहेस!" काका म्हणाले.

"बसलेच होते की. बसूनच घड्या घातल्या."

खरी लढाई सुरू झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. मिशीवाला खोली आवरायला आला, तर खोली आवरलेली. चादरीवर सुरकुती नाही. मोरी पुसून कोरडी. टॉवेल जसेच्या तसे, कारण काकूंनी घरचे पंचे आणले होते. साबण वेष्टनात, कारण साबणही घरचा. मिशीवाला दारात उभा राहून डोळे मिचकावत राहिला. मग त्यानं आपली हजेरी लागावी म्हणून बोटीच्या पद्धतीप्रमाणे टॉवेलाला पिळे-मुरडे घालून त्याचा एक हंस केला आणि पलंगावर ठेवून गेला.

काकू आल्या. "अगं बाई, धुतलेल्या टॉवेलाचं काय करून ठेवलंय हे!" त्यांनी हंस उलगडला, झटकला, हातानं सारखा केला आणि घडी करून गादीखाली दाबून ठेवला. संध्याकाळी मिशीवाल्यानं हत्ती केला. तोही गादीखाली गेला. दुसऱ्या दिवशी माकड झालं, मग कासव झालं. काकूंच्या गादीखाली अख्खं जंगल दबून पडलं आणि गादी एका बाजूनं उचलली गेली. मास्तरांचा सल्ला तेव्हा काकांच्या कामी आला. ते झोपेत डावीकडे झुकू लागले.

इकडे मिशीवाला खचला. इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहुण्यांनी त्याच्या कामाला असा हात लावला नव्हता. त्यानं जाऊन वरिष्ठ बाईंना सांगितलं, की या खोलीतले पाहुणे इतके नाराज आहेत की ते आमचा टॉवेलसुद्धा वापरत नाहीत. वरिष्ठ बाईंनी ताबडतोब फळांची एक टोपली पाठवली. वेताची, रेशमी पट्टीची गाठ बांधलेली, आत सफरचंदं, द्राक्षं आणि नावं माहीत नसलेली चार फळं.

काका खूश झाले. "बघ, पारख सुरू झाली!"

काकू मात्र टोपलीकडं बघत बसल्या. म्हणजे खरोखर बसल्या, पण त्या बसण्यात विश्रांती नव्हती.

"अहो, टोपली परत द्यायला लागेल ना?"

"ठेवू बाहेर. नेतील ते."

"रिकामी?"

आता हे वाचणाऱ्यांत ज्यांच्या घरी शेजारची वाटी कधी रिकामी परत गेलेली नाही, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. काकूंच्या हातून आजवर रिकामं भांडं परत गेलं नव्हतं. एकदा विमावाल्यांची परात परत करायची होती आणि घरात काहीच नव्हतं, तर त्यांनी परातीत कढीपत्त्याची एक फांदी घालून पाठवली होती; पण रिकामी नाही. फळं धुऊन पुसून झाली, टोपलीत बिस्किटं भरली गेली, वरून पट्टीची गाठ होती तशी मारली, आणि टोपली दाराबाहेर ठेवली.

बोटीवर याचा अर्थ निराळा झाला. पाहुण्यांनी टोपली परत केली. वर आपलं खाणं घालून पाठवलं, म्हणजे 'तुमच्यापेक्षा आमचं बरं' असं सुनावलं. अनुभवी बोळात काकांना गाठून म्हणाले, "काका, छान केलंत. असंच ताणून धरा. माझ्या अनुभवानं सांगतो, तिसऱ्या वस्तूनंतर खोली बदलून देतात."

वरिष्ठ बाई आता स्वतः आल्या. त्यांच्यामागं मिशीवाला, हातात पेस्ट्र्यांचं चकचकीत तबक. "आमच्याकडून काही चूक झाली असेल तर माफ करा," त्या म्हणाल्या.

"छे हो, तुमची कसली चूक! या, बसा," काकू म्हणाल्या आणि त्यांनाच दाणे खायला घातले.

बाईंनी दाणे घेतले आणि मग त्यांना आठवलं की पाहुण्यांकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे. दाणे तोंडात होते. थुंकायचे कुठं आणि गिळायचे कसे, अशा अवस्थेत त्या मान हलवत गेल्या. तबक खारे दाणे भरून परत गेलं. तबकावरच्या रुमालाची कड उसवली होती, तीही काकूंनी दोऱ्यानं पक्की करून दिली. मग फुलदाणी आली. फुलदाणी रिकामी कशी द्यायची, म्हणून तिला सुईवर विणलेली टोपी गेली. मग खातिरदारीच्या खात्याच्या मोठ्या मॅडमनी डोक्याला हात लावला आणि बोटीच्या मुख्य आचाऱ्याला हुकूम दिला, की या खोलीसाठी काहीतरी असं कर की त्यांचं तोंड बंद होईल.

तीन मजल्यांचा केक आला. चाकांच्या टेबलावरून आला. बोळातली माणसं दारं उघडून बघत होती. अनुभवींनी फोटो काढला.

काकूंनी केक बघितला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डबे संपले होते. दोरा संपला होता. समुद्रात ना दुकान ना शेजारीण.

"अहो, आता काय हो द्यायचं यांना?"

"काही नाही द्यायचं! खायचा!" काका म्हणाले. "पाहुणे आहोत आपण! जरा निवांत बस आणि केक खा, तुला लेकीची शपथ आहे!"

काकूंनी कोपऱ्यातला एक तुकडा खाल्ला, उभ्यानंच. मग काका जरा आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघतात तर काकू नाहीत, आणि टेबलही नाही.

इतक्यात लेकीचा फोन आला. समुद्रातून आवाज मधूनमधून तुटत होता, पण प्रश्न तुटला नाही. "बाबा, आई बसलीय ना?"

"बसलीय, बसलीय," काका म्हणाले.

आणि ते खोटं नव्हतं. काकू बसल्याच होत्या. पुढच्याच घटकेला काकांना मोठ्या मॅडमच्या कचेरीत बोलावणं आलं. काच, खुर्च्या, टेबलावर छोटा पितळी नांगर. शाळेत पोरानं काच फोडल्यावर बापाला बोलावतात, तसे काका उभे राहिले.

"तुमच्या मिसेस बोटीच्या स्वयंपाकघरात सापडल्या," मॅडम म्हणाल्या. "केकचं टेबल परत घेऊन आल्या आणि मटार सोलायला बसल्या. तिथं पाहुण्यांना जायला सक्त मनाई आहे. आचारी सांगत होता, उठा. त्या म्हणाल्या, एवढे झाले की उठते."

"मग उठली?"

"एवढे म्हणजे सगळे होते हो! बोटीवरच्या सगळ्या माणसांचे मटार! आणि बाकीचे लोक कामं सोडून त्यांच्याभोवती बसलेत. एकजण तर घरची आठवण काढून रडतोय." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, हात जोडते. तुमची तक्रार काय आहे ती एकदा स्पष्ट सांगा. आम्ही थकलो. आता द्यायला आमच्याकडं फक्त इंजिन उरलंय."

काकांना पहिल्यांदा राग आला, मग लाज वाटली, आणि मग आपोआप खरं तेच तोंडातून निघून गेलं. "तक्रार कुठली, मॅडम! ती मोठ्या दुखण्याची सेवा करून रिकामी झालीय. रिकामं राहणंच तिला जमत नाही. कुणाचं घेतलं की परत केल्याशिवाय तिला झोप लागत नाही, आणि तुम्ही रोज काहीतरी देताय. मला लेकीनं फक्त तिला बसवून ठेवायला सांगितलं होतं. तेवढंही जमलं नाही."

मॅडमनी टेबलावरचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी पदर नसताना पदर सावरल्यासारखं काहीतरी केलं आणि म्हणाल्या, "माझी आईपण अशीच आहे." त्यानंतर त्यांनी दोन कामं केली. सगळ्यांना ताकीद दिली की त्या खोलीत आता टाचणीसुद्धा पाठवायची नाही. आणि ही सगळी हकिगत त्यांनी कॅप्टनच्या कानावर घातली.

सहलीच्या शेवटच्या दिवशी सकाळी निरोप आला. कॅप्टनसाहेबांनी काका-काकूंना दुपारच्या जेवणाला आपल्या टेबलावर बोलावलं होतं.

काका पलंगावर बसले. उठले. पुन्हा बसले. अनुभवींनी बातमी ऐकून टोपीच काढली. इतक्या खेपांत त्यांना हे जमलं नव्हतं. "फोटो मी काढतो," ते म्हणाले. "माझ्याशिवाय कुणाला काढू देऊ नका. कोन चुकतो."

काकूंची चिंता निराळी होती. "अहो, जेवायला गेल्यावर उलट बोलवावं लागतं."

"बोलवू की."

"कधी येतील? ते तर सदा पाण्यात. आणि आले तर आपल्याकडं खुर्च्या किती आहेत? आणि बोट कुठं लावतील?"

"ते मी बघतो. तू साडी नेस."

काकू साडी नेसून तयार झाल्या. खोलीत काकांचा कोट, काकांचा कंगवा आणि काकांची घाई यांना पुरेल एवढीच जागा होती, म्हणून त्या म्हणाल्या, "मी बाहेर बसते." दारात मिशीवाला उभा होता. तो म्हणाला, "काकू, आज तरी मला खोली आवरू द्या. माझं काम आहे ते. ते नसलं तर मीही रिकामाच होतो ना." काकूंनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. हे मात्र त्यांना लगेच कळलं. "आवर बाबा," असं म्हणून त्या बोटीच्या उघड्या मजल्यावर गेल्या आणि लांब पाय पसरून बसायच्या खुर्चीवर टेकल्या.

काका कोटाची सगळी बटणं लावून वर आले, तेव्हा काकू झोपल्या होत्या.

डोळा लागलेला नव्हे, झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला, आणि दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले, त्यांत काही नाही. काकांनी हे हात पीठ मळताना बघितले होते, आईचं अंग पुसताना बघितले होते, झोपेतसुद्धा पांघरुणाची कड घट्ट धरलेले बघितले होते. असे उघडे टाकलेले कधी बघितले नव्हते. ते खांदा हलवायला वाकले होते, तसेच वाकलेले राहिले.

"काका, चला! कॅप्टन निघाले त्यांच्या खोलीतून!" अनुभवी कॅमेरा सावरत आले.

"श्श!"

"अहो, उठवा त्यांना!"

"श्श म्हटलं ना!"

"मग तुम्ही एकटे तरी या. मी बसतो त्यांच्यापाशी. असा मान पुन्हा मिळत नाही, माझ्या अनुभवानं सांगतो."

काका चार पावलं गेलेही. खोटं कशाला बोला, मोह झाला त्यांना. जिन्याच्या काचेत त्यांचा कोट छान दिसत होता. पण त्यांच्या मनात आलं, ही दचकून उठली आणि समोर परका माणूस दिसला, तर पहिल्यांदा त्याला चहा विचारेल आणि करायला जाईल. ते परत आले आणि उन्हाच्या बाजूला उभे राहिले, म्हणजे त्यांची सावली काकूंच्या तोंडावर पडावी.

तेवढ्यात मिशीवाला खोली आवरून वर आला. चेहऱ्यावर हंस केल्याचं समाधान होतं. त्यानं काकूंना बघितलं, काकांना बघितलं, आणि पाय आपोआप हळू टाकू लागला. मग त्याचं तोंड एकदम पडलं. "साहेब," तो कुजबुजला, "भोंगा."

बोटीवर दुपारच्या जेवणाला भोंगा व्हायचा. मोठा भोंगा, डोक्यावरच्याच धुराड्यातून. खुर्च्या थरथरायच्या आणि पेल्यांतलं पाणी डुचमळायचं. तो झाला की जेवणघराची दारं उघडायची.

"कधी?"

"आत्ताच होईल. कॅप्टनसाहेब जेवायला बसायच्या आधी स्वतः वाजवतात."

काकांनी मिशीवाल्याचा दंड धरला. "पळ. कॅप्टनसाहेबांना सांग, आम्ही जेवायला येऊ शकत नाही. माफ करा म्हणावं. आणि सांग, भोंगा वाजवू नका."

"कॅप्टनसाहेबांना? मी सांगू? भोंगा वाजवू नका?"

"बाई झोपल्यात म्हणून सांग."

मिशीवाला दोन जिने कसा चढला ते त्याचं त्याला माहीत. काका आकाशातल्या त्या धुराड्याकडं बघत उभे राहिले. खिशातल्या रुमालाचे त्यांनी दोन बोळे केले आणि काकूंच्या कानांत घालावेत की नको, या विचारात हातातच धरून ठेवले. घाम कोटाच्या आतून कोटाच्या बाहेर आला.

भोंगा झाला नाही.

थोड्या वेळानं मिशीवाला उतरला. धापा टाकत होता, पण आवाज न करता. "साहेबांचा हात कळीवर होता," तो म्हणाला. "मी सांगितलं. त्यांनी विचारलं, कोण बाई? मी म्हटलं, मटारवाल्या. त्यांनी हात काढून घेतला."

"रागावले?"

"नाही. मला म्हणाले, तूही हळू जा."

खाली मात्र घोटाळा झाला. भोंग्यावर भूक लागायची सवय झालेली शेकडो माणसं जेवणघराच्या दाराशी जमली. घड्याळाकडं बघत, दाराकडं बघत. कुणी म्हणे भोंगा बिघडला, कुणी म्हणे इंजिन. शेवटी आचाऱ्यांनी दारं उघडली, बिजागऱ्या न वाजवता. आणि अनुभवी, ज्यांचा फोटो हुकला होता, ते रांगेतून पुढं-मागं फिरत तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना दटावत होते, "हळू! वर पेशंट आहे. मला सगळं माहीत आहे." लोक चवड्यांवर चालत जेवायला गेले.

वर नुसता वारा होता. काका उभेच होते. ऊन सरकलं तसे तेही सरकत होते.

बऱ्याच वेळानं काकूंनी डोळे किलकिले केले. दचकल्या नाहीत. हाक ऐकू आली का म्हणून मान वळवली नाही.

"अहो," त्या झोपेच्याच आवाजात म्हणाल्या, "जेवायला जायचं ना? भोंगा झाला का?"

काकांनी धुराड्याकडं बघितलं. मग बायकोकडं बघितलं.

"नाही गं. अजून नाही झाला."

"मग पडते अजून जरा," काकू म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्या.